गंगुबाईची मान

ठाण्यातल्या बाळकुमच्या त्या गृहप्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात लागून अक्षदाला चार महिने झाले होते, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तरणतलावाच्या काठावरच्या बाईचं डोकं बदललंय.

ऑफिसच्या मधोमध एक मोठं मॉडेल होतं. दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं. चार टॉवरच्या मधली बाग, क्लब हाउस, तलाव, चालायचा रस्ता, सगळं त्यात. हिरवळीवर बोटाएवढी माणसं उभी होती, सत्तरेक तरी. हरभऱ्याएवढी त्यांची डोकी. मॉडेल करणाऱ्या वर्कशॉपकडून ती पाकिटातून रंगवूनच येत: सूट घातलेले पुरुष, गुडघ्यापर्यंत स्कर्ट घातलेल्या बायका, पिंगट केस, आणि तोंडं सगळ्यांची सारखीच. अक्षदा दिवसातून दहा-बारा वेळा हातात काठी घेऊन त्यांच्यावरून बोलत असे. निळ्या स्कर्टातली, कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई ही तिची खूण होती. "इथून, या मॅडम उभ्या आहेत ना, तिथून टॉवर दोनची लिफ्ट फक्त चाळीस पावलांवर."

त्या दिवशी ती 'या मॅडम' म्हणाली आणि थबकली. मॅडमचे केस पांढरे झाले होते. मागे घट्ट अंबाडा, रंग सावळा, कपाळावर टिकलीएवढं लाल कुंकू. मान जराशी उजवीकडे कललेली. खाली मात्र तोच निळा स्कर्ट आणि तेच उंच टाचांचे बूट.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने शेजारच्या टेबलावरच्या करिश्माला हाक मारली.

"करिश्मा, हे बघ ना जरा. ही आधी अशी होती?"

"कोण बघतं गं त्यांना," करिश्मा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "लोक फ्लॅट बघायला येतात."

अक्षदा मात्र बघत राहिली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मॉडेलभोवती वाकून दोन फेऱ्या मारल्या आणि आणखी सात सापडले. बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या तरुणाला टक्कल पडलं होतं आणि गालफडं बसली होती. जॉगिंग करणाऱ्याला झुपकेदार पांढऱ्या मिशा होत्या. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईच्या नाकात मोठी चमकी होती आणि ती कुणाला तरी ओरडत असल्यासारखं तिचं तोंड उघडं होतं. अक्षदाने फोन जवळ नेऊन सगळ्यांचे फोटो काढले.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी गेल्यावर तिने ते फोटो मोठे करून आईला दाखवले. आई ब्लाउज शिवत असे. सुईत दोरा ओवायचा चष्मा तसाच ठेवून तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"ही कोणीतरी खरी बाई आहे," आई म्हणाली.

"कशावरून?"

"हा डावा डोळा बघ. जरा मिटलाय. मनाने बाई काढणारा माणूस असं कशाला करेल? दोन्ही डोळे नीटच काढेल ना." मग फोटो आणखी मोठा करून म्हणाली, "आणि ह्या मिशावाल्याचा कान बघ, वरून तुटका आहे. कोण करतं गं हे? काय हात आहे!"

तेच अक्षदाला कळत नव्हतं. मॉडेलला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मॅनेजर सुश्रुत सर तर त्याच्या काचेच्या कठड्यावर कुणी कोपर टेकलं तरी लांबून "प्लीज" म्हणत. हात लावणारा माणूस एकच होता. वर्कशॉपकडून दर मंगळवारी सकाळी, गिऱ्हाईक नसताना, एक जण धूळ झाडायला आणि गेलेले दिवे बदलायला येई. उत्तम त्याचं नाव. पन्नाशीचा, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चार महिन्यांत अक्षदा त्याच्याशी "पंखा बंद करू का?" यापलीकडे काही बोलली नव्हती.

पुढच्या मंगळवारी ती मुद्दाम लवकर आली. माणकोलीच्या पुलावरून स्कूटीला पाऊण तासही लागला नाही. कॉम्प्युटर लावून ती काम करत असल्यासारखी बसली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली.

उत्तमने गालाला पावडर लावायच्या मऊ ब्रशने टॉवर झाडले. झाडं झाडली. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, चिमटा काढला, फाटकाजवळच्या सूटवाल्याला हिरवळीतून अलगद उपटला, आणि खिशातल्या चपट्या डबीतून दुसरा काढून त्याच भोकात रोवला. पाव मिनिटाचं काम.

अक्षदा उठून जवळ गेली.

"उत्तमदादा, डोकी तुम्ही बदलता ना?"

त्याचा चिमटा हवेतच राहिला. "तुटलेलं होतं, मॅडम. म्हणून बदललं."

"आठही जणांची तुटलेली?"

त्याने सुश्रुत सरांच्या बंद केबिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता हे त्याला दिसलं असावं.

"हा धरून दहा झाली," तो हळूच म्हणाला. "एक तुम्हाला दिसला नाय."

अक्षदा वाकून शोधू लागली. तलाव, क्लब हाउस, मुलांची घसरगुंडी. सापडेना. शेवटी उत्तमने चिमट्याच्या टोकाने वडाची एक फांदी बाजूला केली. आड एक माणूस पाठमोरा उभा होता.

"त्याला लोकांनी बघितलेलं आवडायचं नाय," उत्तम म्हणाला.

"म्हणजे? हे सगळे... कोण आहेत हे?"

"इथलेच हायत," एवढंच म्हणून त्याने डबी खिशात टाकली. "सरांना सांगू नका, मॅडम. बावीस वर्षं हेच काम करतोय."

"नाही सांगणार. पण मला दाखवाल का, कसं करता ते?"

असं काही कुणी त्याला विचारेल याची त्याला कल्पना नसावी. तो दोन वेळा "काय त्यात बघायचं" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा पत्ता सांगून मोकळा झाला.

पत्ता कसला, प्रकल्पाच्या मागच्या भिंतीपलीकडे बाळकुमचं गावठाण होतं. त्याच संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर अक्षदा चालत गेली. पाच मिनिटं लागली. उत्तमचं घर दुमजली, टाइल्स लावलेलं, दारात गाडी. त्याची बायको कलावती हिने चहा दिला आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं कुनी आलं तरी. मना तं, यो खिरकीत बसून काय करतो ता कुनाला सांगायची बी लाज वाटायची."

खिडकीच्या कट्ट्यावर थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकावर एक डोकं होतं. काही नुसते गोळे, काहींना नाक आलेलं, काही रंगायची राहिलेली. अक्षदाला आपल्याकडे पंधरा-वीस माणसं एकदम बघताहेत असं वाटलं आणि ती उगाचच हसली.

सुरुवात कशी झाली ते त्याने सांगितलं. दीड वर्षापूर्वी मॉडेल ट्रकमधून उतरवताना त्या निळ्या स्कर्टवालीचं डोकं उडालं होतं. पाकिटात जादा माणूस नव्हतं. मालक म्हणाला, काहीतरी गोळा लावून दे. उत्तमने नळाच्या गळतीला लावतात ती दोन भागांची पुट्टी घेतली, मळली, आणि गोळा करून सुईने डोळे पाडायला लागला.

"करता करता गंगूकाकी जाली. मी काय ठरवून नाय केली. नाक दाबलं आणि बघतो तर काकी."

"आणि मग ती तिथेच लावलीत?"

"नाय. ती तेव्हा डबीतच ठेवली, स्कर्टवालीला साधा पिंगट गोळा लावून दिला. मागच्या महिन्यात धीर जाला. बसवताना बघितलं, ती जागा काकीचीच. तिचा भाजीचा मळा तिथं होता ना, तलाव दाखवलाय तिथं." त्याने हवेत बोटाने रेघ ओढली. "भिंत बांधायच्या आधी मी पावलं मोजून ठेवलेली. मॉडेलवर एक बोट म्हणजे कितीक पावलं ते आपल्याला पाठच. मग म्हटलं, एक बाई बसली जागेवर, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

अक्षदाने जरा घुटमळत विचारलं, "दादा, जमीन गेल्याचं वाईट वाटतं म्हणून करता का हे?"

"गेली कुठं? विकली आम्ही. हे घर त्यातलंच." तो हसला. मग त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "सांगू का मॅडम, वर्षानुवर्षं मी त्या पाकिटातली माणसं चिकटवली. पवईत तीच, घोडबंदरला तीच, बालेवाडीत तीच. एकाच आईची पोरं सगळी. कधी कुणी विचारलं नाय की ही कोण. आता मी लावतो तेव्हा मला म्हाइत असतं, हा कोण ते. तेवढंच."

मग त्याने तिला एक डोकं बसवू दिलं. कटरने पाकिटातल्या माणसाची मान कापायची, ती हनुवटीखाली नाही, कॉलरच्या रेषेवर, म्हणजे सांधा झाकला जातो. हातात फिरवायच्या बारीक ड्रिलने धडात भोक पाडायचं, डोक्यातही. मधे पितळी तारेचा तांदळाएवढा तुकडा. अक्षदाचं पहिलं भोक तिरकं गेलं, दुसऱ्यांदा ड्रिल सटकून तिच्या बोटाला लागलं, तिसऱ्यांदा जमलं. तिने तार घातली, डोकं बसवलं, आणि मोठ्या समाधानाने पुढे धरलं.

उत्तमने पाहिलं. "सरळ बसवलंत."

"मग? सरळच नको?"

"हा आता फोटो काढायला उभा राहिलाय. गोंद लावायच्या आधी जरा फिरवा. थोडंसं. हां. खाली घ्या किंचित."

तिने तारेवर डोकं केसभर फिरवलं आणि श्वास रोखून बघत राहिली. माणूस कुणाकडे तरी बघत होता. आणखी थोडं फिरवलं तर तो कंटाळलेला दिसू लागला. खाली घेतलं तर काहीतरी हरवलेला. तेच तोंड, रंगाचा एक थेंबही वाढवला नव्हता.

"मान कशी धरतो त्यावर असतं सगळं," उत्तम म्हणाला. "तोंड मागाहून."

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे अक्षदाचे मोठ्या मजेत गेले. सकाळी आली की आधी मॉडेलवर नजर टाकायची. आता काठीने दाखवताना ती मनात नावं घेत असे: हा दामातात्या, ही आरडाओरडा करणारी बारकुबाय. एकदा चुकून तोंडातून निघूनही गेलं, "तात्यांच्या बाकापासून जिम जवळ आहे," आणि समोरच्या जोडप्याने "कोण तात्या?" म्हणून विचारलं.

मग तो शनिवार आला. नौपाड्याहून वासंती नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई मुलाबरोबर फ्लॅट बघायला आल्या होत्या. मुलगा, अद्वय, सुश्रुत सरांशी बोलत होता. आईंना त्यात रस नव्हता. त्या कठड्याला धरून सावकाश मॉडेलभोवती फिरत होत्या. तलावापाशी आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"अगं बाई! ही तर आपली गंगू!"

सगळे वळले.

"अद्वय, इकडे ये. ही गंगू आहे की नाही बघ. पावसाळ्यात शेवळांची रानभाजी आणणारी."

"आई, ते मॉडेल आहे."

"ते दिसतंय मला. पण ही गंगू आहे. पंचवीस वर्षं दारात पाटी उतरवत होती माझ्या. शेवळांबरोबर ती आंबट काकडं हवीत ना, नाहीतर घशाला खाज सुटते, ती मी मागायच्या आधी पाटीत टाकून आणायची. बाळकुमचीच होती ती." त्यांनी अक्षदाकडे पाहिलं. "चेहरा नाही हो ओळखला मी, चेहरा मला इथून दिसतही नाही. मान ओळखली. पाटी खाली ठेवली की अशी मान कलती करून उभी राहायची, कमरेवर हात देऊन. ही अशी."

आणि त्यांनी स्वतःची मान उजवीकडे कलवून, कमरेवर हात ठेवून दाखवलं. त्यांच्या मागे सुश्रुत सर उभे होते. ते पुढे आले, कठड्यावर ओणवे झाले. ज्या काचेवर कोपर टेकायला ते इतरांना मनाई करत, तिच्यावर आता त्यांचंच कोपर टेकलं होतं. तलावावरून त्यांची नजर बाकाकडे, बाकावरून रस्त्याकडे गेली.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी अक्षदाला केबिनमध्ये बोलावलं.

"तुला माहीत होतं?"

"हो सर."

"किती आहेत?"

"सतरा."

"सतरा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, कंपनीचं मॉडेल आहे ते. उद्या हेड ऑफिसमधून कुणी आलं आणि विचारलं, हे काय, तर मी काय सांगू? स्कर्टमध्ये अंबाडा?"

"सर, कुणाच्या लक्षातही—"

"आज आलं ना लक्षात. मंगळवारी तो येईल तेव्हा सगळी मूळची बसवायला सांग. वर्कशॉपला मी काही कळवत नाही, पण मंगळवारी झालं पाहिजे."

अक्षदाने उत्तमला फोन केला. तो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. करतो." भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रात्रभर तिला एकच गोष्ट सलत राहिली. गंगुबाई अजून गावठाणातच राहत होती; जिला नौपाड्यातल्या म्हातारीने चार फुटांवरून मानेवरून ओळखलं, तिने स्वतः ते डोकं पाहिलंच नव्हतं. सकाळी उठून तिने अद्वयचा नंबर काढला आणि त्याच्या आईंना फोन द्यायला सांगितलं. "गंगुबाई आहेत अजून," ती म्हणाली. "आज येता का?" वासंतीबाईंनी येणार म्हणून सांगितलं, वेळ विचारायच्या आधीच.

रविवारी अकराला ऑफिसात चांगली गर्दी होती. अक्षदाने सुश्रुत सरांना सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं. ते "ऑफिस बघायला कुणीही येऊ शकतं" एवढंच म्हणाले होते. उत्तम गंगुबाईला हाताला धरून घेऊन आला. म्हातारीने नवं नऊवारी नेसलं होतं, डोक्यात अबोलीचा गजरा होता. एसीची थंडी लागताच तिने पदर अंगाभोवती घेतला. वासंतीबाई सोफ्यावरून उठल्या.

"गंगू!"

म्हातारीने डावा डोळा बारीक करून पाहिलं. "गोखल्यांची वयनी? तुमी कई इथं?" आणि लगेच, "किती गो वालल्या!"

"तू तरी कुठे भरलीस? चल, तुला तू दाखवते."

दोघी एकमेकींना धरून मॉडेलपाशी आल्या. उत्तम मागे उभा होता, हात मागे बांधून, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. अक्षदाने काठीने दाखवलं. गंगुबाई वाकली. वाकून बराच वेळ बघत राहिली.

"यी मी?"

"हाव काकी," उत्तम म्हणाला.

"माजा नाक येवरा मोठा हाय?"

"हाय," वासंतीबाई म्हणाल्या.

गंगुबाईने स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला आणि खुदकन हसली. मग तिची नजर खाली गेली. "आनी पाय उघरे कनाला रं? मेल्या, लुगरा तरी नेसवायचा!"

"राहिलाय काकी. आधी डोकी करतोय."

सोफ्यावरची दोन-तीन गिऱ्हाइकं उठून जवळ आली होती. सुश्रुत सरही केबिनच्या दारात येऊन उभे होते. गंगुबाईला कुणाचं भान नव्हतं. तिने बाकावरच्याकडे बोट दाखवलं, "दामा," मिशावाल्याकडे दाखवलं, "यो पोलीस पाटील." झाडाआडचा तर तिने न शोधताच ओळखला. मग एकदम भुवया जवळ घेऊन ती तलावाकडे वळली.

"मना हिथं कनाला उभी केलीस?"

"तुजा मळा ना हिथं. आणि बाव." बाव म्हणजे विहीर.

"खुला काय तू? माजी बाव ती तिकरं." तिने लांब हात करून क्लब हाउसच्या पायऱ्या दाखवल्या. "हिथं तं पानी साचाचा. म्हशी बसाच्या पान्यान, दीसभर."

क्षणभर सगळे तलावाच्या निळ्या काचेकडे बघत राहिले.

"म्हणजे स्विमिंग पूल होताच की," वासंतीबाई म्हणाल्या.

सगळ्यात मोठ्याने हसले ते सुश्रुत सर. हसता हसता ते पुढे आले आणि त्यांनी गंगुबाईला विचारलं, "आजी, आणि इथे काय होतं? टॉवर तीनच्या जागी?"

"तिथं चिंच व्हती. मोठी."

"आणि हा रस्ता?"

"रस्ता व्हताच. बैलगारीचा." एका गिऱ्हाईकाने विचारलं, आमच्या बिल्डिंगच्या खाली काय होतं? गंगुबाई सांगू लागली. अर्धा तास ती मॉडेलभोवती फिरून सांगत होती, आणि अक्षदाची काठी तिच्या हातात होती. उत्तम खिशातल्या कागदावर भराभरा काहीतरी लिहून घेत होता. एका ठिकाणी मात्र ती थांबली. घसरगुंडीजवळच्या, नाकात चमकी असलेल्या बाईपाशी.

"बारकी," ती हळू आवाजात म्हणाली. "अशीच वरडायची." तिने हात पुढे केला. कुणी 'प्लीज' म्हणालं नाही. एका बोटाने तिने त्या हरभऱ्याएवढ्या डोक्याला अगदी अलगद स्पर्श केला आणि हात मागे घेतला. बारकुबाय तिची धाकटी बहीण होती आणि चार वर्षांपूर्वी गेली, हे उत्तमने अक्षदाला नंतर सांगितलं.

मंगळवारी सकाळी उत्तम आला तेव्हा त्याच्या डबीत पाकिटातली सतरा माणसं होती, एकसारखी, पिंगट केसांची. त्याने चिमटा काढला. अक्षदा बाजूला उभी होती. तिला ते बघायचंही नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं. केबिनचं दार उघडून सुश्रुत सर आले.

"उत्तम, एक विचारायचं होतं. आजी म्हणाल्या ते विहिरीचं, ते बरोबर आहे?"

"हाय सर. मी घरी जाऊन जुन्या लोकांना विचारलं. माझीच पावलं चुकलेली, मी नाल्याच्या बाजूने मोजत आलेलो."

"मग ती बाई तिथे सरकव. पायऱ्यांपाशी."

उत्तमला नीट कळलं नाही. "सरकवू? का काढू?"

"सरकव म्हटलं ना." सरांनी घड्याळात पाहिलं, जणू खूप घाईत होते. "आणि तेवढं लुगडं कर बाबा. स्कर्टचं मला उत्तर देता येणार नाही. बाकीचं बघतो मी." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "तो झाडाआड कोण? आजींनी नाव सांगितलं नाही त्याचं."

"तो विश्रामबापू. तो तसा कुणाशी बोलायचाच नाय, सर."

"अच्छा," सर म्हणाले, आणि वडाची फांदी बोटाने बाजूला करून थोडा वेळ बघत राहिले.

ते आत गेल्यावर उत्तमने गंगूकाकीला उपटून पायऱ्यांपाशी रोवलं, लांबून पाहिलं, केसभर फिरवलं. मग त्याने खिशातून एक टूथपिक काढून अक्षदाच्या हातात दिली. टोकावर पुट्टीचा ताजा गोळा होता.

"आता तुमी एक करा, मॅडम. पाऊण तास मऊ राहील. कुणाचंही करा, फक्त रोज बघता त्याचं करा. सोपं जाईल."

अक्षदाने विचार केला. आईचं नको, पहिल्याच फटक्यात आई बिघडली तर ऐकून घ्यावं लागेल. फाटकावर चौकीदार होता, तो रोज सकाळी तिच्या स्कूटीसाठी दांडा वर करायचा. त्याचं करावं. तिने सुई हातात घेतली, आणि तिच्या ध्यानात आलं की त्याला मिशी आहे की नाही हेसुद्धा आपल्याला सांगता येणार नाही. नाक? कान? काहीच आठवेना. आठवत होता तो फक्त निळा शर्ट आणि दांडा.

टूथपिक हातात धरून ती उन्हात बाहेर गेली. तिला येताना बघून चौकीदार खुर्चीतून ताडकन उठला.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही हो काका. बसा ना. नाव काय तुमचं?"

"धोंडीबा." तो बसला नाही. "काही चुकलं का?"

"नाही, नाही. जरा टोपी काढता? एक मिनिट."

धोंडीबाने गोंधळून टोपी काढली. कपाळाच्या मध्यावर टोपीची रेघ होती; वरचा भाग उजळ, खालचा रापलेला. मिशी होती, पातळ, एका बाजूला जरा जास्त कातरलेली. आणि तो मान किंचित पुढे काढून उभा होता, लांबून कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून असेल तशी.

"गाव कुठलं काका तुमचं?" असं विचारत अक्षदाने दांड्याच्या खांबाला पाठ टेकवली आणि गोळा दोन बोटांत धरून हळूच फिरवायला सुरुवात केली.